गळाचें वाङ्मय

ग्रंथाचा विषय क्षुल्लक दिसला कीं ग्रंथही क्षुल्लक असावा, असा ग्रह करून घेण्याची आमच्या सुशिक्षित वर्गाला संवय आहे. मासे धरणें हा असाच एक विषय. शिवाजी पेठेंतून रंकाळ्यावर फिरावयास जाणाऱ्या मंडळींना कांठावर गळ टाकून बसलेला मनुष्य केवळ आळशी वाटतो. त्याच्या उद्योगावर वाङ्मय होऊं शकेल, ही कल्पनाही त्यांच्या मनास शिवत नाहीं. परंतु या विषयावरील तीन ग्रंथ शेजारीं शेजारीं ठेवून पाहिले, तर पाहणें आणि लिहिणें यांचा संबंध काय, या प्रश्नावर चांगला प्रकाश पडतो.

पहिला ग्रंथ आपल्याच बाजूचा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' रचला. त्यांतील 'मत्स्यविनोद' या प्रकरणांत सुमारें ३५ जातींचे मासे सांगितले आहेत. समुद्रांतले व नदींतले, खवल्यांचे व बिनखवल्यांचे असे भेद केले असून कोणास कोणतें आमिष रुचतें, हेंही दिलें आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं इंग्रजींत या प्रकरणाचा परिचय करून दिला. माहिती मोलाची आहे, यांत शंका नाहीं. तथापि ही विद्या राजाला पाण्यांत जन्म घालविणाऱ्या माणसांकडूनच मिळालेली असली पाहिजे, आणि श्लोकांत ती आज्ञेच्या रूपानें उतरली आहे. शोध कसा लागला, अंदाज कोठें फसला, याची खूणही तींत उरलेली नाहीं.

दुसरा ग्रंथ आयझॅक वॉल्टन याचा 'द कंप्लीट अँगलर', १६५३ सालचा. याची प्रसन्न भाषा कोणासही मोह घालील. पण पाइक नांवाचा मासा पाणवनस्पतीपासून उपजतो, ही गेस्नरची ऐकीव गोष्ट वॉल्टन गंभीरपणें सांगतो. संतोषाचें स्तोत्र गातांना त्याचे डोळे पाण्यावर असतात, पाण्यांत नसतात. १६७६ च्या पांचव्या आवृत्तींत चार्ल्स कॉटननें कृत्रिम माशीनें ट्राउट धरण्याचा भाग जोडला. लोंकर, रेशीम व पिसें गळावर बांधून किडा कसा करावा, हें त्यांत आहे, आणि तेथें प्रथम कारागिराचा हात दिसतो.

तिसरा ग्रंथ गॅरी लाफाँटेन या अमेरिकन लेखकाचा 'कॅडिसफ्लाइज', १९८१ सालचा. कॅडिस हा ओढ्यांतला कीटक. त्याची अळी आपल्या रेशमी धाग्यानें वाळूचे कण व काड्या जोडून घर करते, पुढें त्यांतच कोशावस्थेंत जाते, आणि पूर्ण वाढ झाल्यावर बाहेर पडून पृष्ठभागाकडे निघते. या प्रवासांत ट्राउट तिच्यावर तुटून पडतो. लाफाँटेन श्वासनलिका लावून स्वतः नदींत उतरला. वर निघालेला जीव हवेमुळें चकाकतो, असें त्याला दिसलें. मग त्यानें अँट्रॉन नांवाचा झळकदार नायलॉनचा धागा घेऊन गळावरील देहाभोंवतीं सैलसर आवरण केलें. बांधकामाच्या टेबलावर ही माशी किड्यासारखी फारशी दिसत नाहीं; पाण्यांत मात्र मासा तिला फसतो.

आमच्या मतें येथें अनुकृतीचा एक मोठा सिद्धांत आहे. पाय, पंख, मिशा मोजून हुबेहूब नक्कल करणारा कारागीर प्रदर्शनांत बक्षीस मिळवील. पण खरी नक्कल ती, जी पाहणाऱ्याच्या डोळ्यांत त्या वस्तूचा प्राण उभा करते. आमचे कित्येक कादंबरीकार खोलींतील खुर्च्या मोजतात आणि खोलींतला मनुष्य निर्जीव ठेवतात, तेव्हां त्यांचा गळ कोरडाच परत येतो.

लाफाँटेनच्या ग्रंथांत दोष आहेत. माशींच्या कृतींच्या याद्या लांबट आहेत, आणि वॉल्टनची मधुरता तर मुळींच नाहीं. तरीही तिघांत आम्ही त्याला वरचें स्थान देतों, कारण आपल्या मताची परीक्षा त्यानें माशाकडे सोंपविली. सोमेश्वर माशाला आज्ञा करतो, वॉल्टन माशाच्या निमित्तानें उपदेश करतो, आणि लाफाँटेन माशापासून शिकतो.

आमच्याकडे ट्राउट नाहीं. पण सह्याद्रीच्या ओढ्यांत कॅडिसचीं घरें दगडांना चिकटलेलीं सांपडतात. दख्खनच्या माशांचें शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्सनें १८३९ सालीं प्रसिद्ध केलें, आणि तेंही इंग्रजींत. पंचगंगेच्या कांठचा भोई पाण्याचा रंग, प्रवाह आणि माशाची वेळ यांसाठीं जे शब्द वापरतो, ते कोणत्या मराठी पुस्तकांत आहेत? मारुति चितमपल्ली यांनीं रानांतल्या माणसांचे शब्द ग्रंथांत आणले आणि मराठी श्रीमंत केली. पाण्याच्या बाबतींत तसें काम व्हावयास हवें. तो भोई वृद्ध होत आहे आणि त्याचा मुलगा दुसऱ्या धंद्याला लागत आहे. ज्यांना लिहितां येतें त्यांनीं आतां कांठावरून उठून पाण्यांत उतरावें.