पहिल्या बाणाचा प्रश्न : सल्लसुत्ताच्या प्रचलित विवरणाची समीक्षा

संयुत्तनिकायाच्या वेदनासंयुत्तात सल्लसुत्त येते. सुत्तनिपातातील त्याच नावाच्या सुत्ताहून ते निराळे आहे. आपल्या विहारांतून, वर्षावासातील प्रवचनांतून आणि ध्यानशिबिरांतून दुःखाविषयी बोलताना ज्या सुत्ताचा आधार सर्वाधिक घेतला जातो, त्यांत त्याची गणना करावी लागेल. त्याचे प्रचलित विवरण थोडक्यात असे : पहिला बाण देहाचा, तो कोणालाच चुकत नाही, दुसरा बाण मनाचा, तो आपणच आपल्याला मारून घेतो, तो मारणे थांबवा, म्हणजे दुःख संपले.

हे विवरण आम्हीही अनेकदा केले आहे. काही वर्षांपूर्वी नांदेड येथे वर्षावासात या सुत्तावर पाठ दिला, तेव्हा श्रोत्यांत लातूर जिल्ह्यातील एका पुनर्वसित गावच्या वयोवृद्ध उपासिका होत्या. पाठ संपल्यावर त्या म्हणाल्या, "सर, दुसरा बाण म्या मारून घेतला म्हणता. मग पयला कुणी मारला, ते तर सांगितलंच नाई." आमच्यापाशी त्या वेळी उत्तर नव्हते. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाच्या अनुषंगाने केलेला पुनर्विचार आहे.

प्रथम मूळ पाठाकडे वळू. त्यात तथागतांनी अश्रुतवान पृथग्जन आणि श्रुतवान आर्यश्रावक यांतील भेद सांगितला आहे. सुखद, दुःखद आणि अदुःख-असुख अशा तिन्ही वेदना दोघांनाही होतात. पृथग्जन शारीरिक वेदनेने शोक करतो, विलाप करतो, छाती बडवून आक्रंदतो, संमोहात पडतो. एका बाणाने विद्ध झालेल्या माणसाला पाठोपाठ दुसरा बाण लागावा, तशी त्याची अवस्था होते. दृष्टान्त एवढाच आहे. तो दुसरा बाण जखमी माणूस स्वतः मारतो, असे तेथे म्हटलेले नाही. 'आपणच मारून घेतो' ही भर विवरणकारांची आहे आणि ती निरुपद्रवी नाही. तिच्यामुळे अवस्थेचे वर्णन हा आरोप बनतो आणि शोकग्रस्त माणूस अपराधी ठरतो.

दुसरे असे की, सुत्तातील एक महत्त्वाचा भाग प्रवचनांत बहुधा गाळला जातो. दुःखद वेदनेने ग्रासलेला पृथग्जन कामसुखाकडे धावतो, कारण त्यावाचून दुःखातून निसटण्याचा अन्य मार्ग त्याला ठाऊक नसतो. अशा प्रकारे दुःखाविषयी प्रतिघ, सुखाविषयी राग आणि तटस्थ वेदनेविषयी अविद्या, असे तीन अनुशय त्याच्या चित्तात मूळ धरतात. आघातानंतर दारूच्या आहारी गेलेला माणूस आपल्या प्रत्येक वस्तीने पाहिला आहे. त्याला केवळ दूषण न देता, त्याला दुसरी वाट माहीत नाही, असे निदान हे सुत्त करते. निदानाचा अर्थ उघड आहे : वाट दाखविणारा कोणीतरी हवा.

आता मूळ प्रश्न. पहिला बाण कोणी मारला? सल्लसुत्त त्याचा शोध घेत नाही. तो त्याचा विषयच नव्हे. परंतु त्याच वेदनासंयुत्तात सीवकसुत्त आहे. माणसाला जे जे भोगावे लागते ते सर्व पूर्वकृत कर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, त्याविषयी आपले मत काय, असे परिव्राजक मोळियसीवक विचारतो. तथागत पित्त, कफ, वात, त्यांचा सन्निपात, ऋतुपालट, विषम वर्तन, दुसऱ्याने केलेला आघात आणि कर्मविपाक अशी आठ कारणे सांगतात. सर्व काही पूर्वकर्मावर लादणारे लोक स्वानुभवाच्या आणि लोकानुभवाच्या पलीकडे जातात, असा त्यांचा निर्वाळा आहे. मिलिन्दपञ्हात नागसेनही कर्मविपाकाचा वाटा थोडा आणि इतर कारणांचा अधिक, असे सांगतात. एका सुत्ताचे विवरण दुसरे झाकून केले, की पहिला बाण अनामिक होतो आणि ती रिकामी जागा दैव बळकावते.

मराठवाड्याचे दोन आघात या कसोटीवर पाहावेत. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या रात्रीनंतर पहाटे चारच्या सुमारास, किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच गेली. ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. भूकंपाला आठ कारणांच्या यादीत नेमके स्थान शोधण्याचा अट्टाहास नको. कारण अनुभवाने जाणावे, हे त्या यादीचे तात्पर्य आहे. आणि अनुभव असा, की दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचा भार असलेली माळवदे कोसळली. हलक्या छपराची घरे त्या मानाने टिकली. जमीन हादरणे कोणाच्या हाती नव्हते. माळवदाखाली दबणे हे मात्र बांधकामाच्या रीतीचे फळ होते. ती रीत बदलता येते.

दुसरा आघात १९७८ चा. २७ जुलैला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव संमत केला आणि पाठोपाठ वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. येथे कारण शोधण्यास भूगर्भशास्त्र नको. सीवकसुत्ताच्या भाषेत ही 'ओपक्कमिक' वेदना होय, दुसऱ्याच्या आघाताने आलेली. तिचा इलाज कायदा, संघटन आणि संघर्ष हाच. १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार हा त्याच मार्गाने आला.

बोधिसत्त्व बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात चार आर्यसत्यांच्या रूढ मांडणीविषयी शंका उपस्थित केली, ती याच कारणाने. जगणेच दुःख असेल, तर माणसाला आशा कोणती? सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारणही त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्यात पाहिले. म्हणजे पहिल्या बाणाचा प्रश्न त्यांनी आमच्याआधी आणि आमच्यापेक्षा स्पष्टपणे विचारला होता.

तथापि येथे आपल्या बाजूचा दोषही सांगितला पाहिजे. शिबिरे पहिला बाण विसरतात, तसे आपली व्यासपीठे दुसरा विसरतात. सर्व दुःख शोषणातून येते असे म्हणून आपण थांबतो आणि जिचे लेकरू ढिगाऱ्याखाली गेले, त्या आईला देण्यास आपल्यापाशी शब्द उरत नाही. बाबासाहेबांनी असे केले नाही. त्याच ग्रंथात त्यांनी विशाखा आणि किसा गोतमी यांच्या सांत्वनाला आणि रुग्णांविषयीच्या तथागतांच्या आस्थेला जागा दिली. अतिसाराने मलिन होऊन पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुतले. त्याला अनित्यतेचा उपदेश नंतरही करता आला असता. महापरिनिर्वाणापूर्वी आनंद दाराशी रडत उभा राहिला, तेव्हा त्याला शोक आवर म्हटले, पण दोष दिला नाही. त्याच्या दीर्घ सेवेचा गौरव केला.

आणि पटाचारा. अट्ठकथेनुसार पती आणि दोन मुले गमावून ती माहेरी निघाली, तो वादळी पावसात घर कोसळून आई, वडील आणि भाऊ गेल्याचे तिला कळले. भान हरपलेल्या त्या स्त्रीला तथागतांनी बहीण म्हणून हाक मारली आणि भानावर आणले. हे वाचताना किल्लारी आठवू नये, असा मराठवाड्यातील वाचक विरळा. पुढे तीच पटाचारा पुत्रशोकाने व्याकूळ स्त्रियांचा आधार झाली. त्यांच्या गाथा थेरीगाथेत आहेत. दुसरा बाण एकट्याने उपसला जात नाही, तो सोबतीने निघतो, हे त्यातून कळते.

त्या उपासिकेची आमची पुन्हा भेट झालेली नाही. झाली, तर आम्ही एवढेच सांगू : माय, पहिला बाण तुमच्या कर्माचा नव्हता, तो कशामुळे लागला ते सांगता येते, आणि पुढच्यांना तो लागू नये अशी घरे बांधता येतात. दुसराही तुम्ही मारून घेतला नाही. तो काढायला आम्ही उशिरा आलो.