चिकटवलेली बॅटरी आणि दुरुस्तीचा हक्क

हरसूलकडे, पेठ-सुरगाण्याकडे ‘बॅटरी’ म्हटलं की लोकांना विजेरीच आठवते. पावसाळ्यात लाईट गेली, पायवाटेनं पाड्यावर जायचंय, पायाखाली जनावर यायची भीती. तेव्हा हातात जी असते ती बॅटरी. पूर्वीच्या पत्र्याच्या बॅटरीचं मागचं झाकण फिरवायचं, दोन सेल बदलायचे, काम झालं. बल्ब गेला तर पुढचं झाकण. ती उघडायला शिकलेला माणूस लागत नव्हता.

आता बाजारात चार्जिंगची प्लास्टिकची बॅटरी मिळते. आत बहुधा शिशाची छोटी 4 व्होल्टची बॅटरी असते, किंवा लिथियमचा सेल. शिशाची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत चार-सहा महिने पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ती चार्ज घेत नाही. एलईडी शाबूत, बटण शाबूत. पण खोका चिकटवलेला, वायरी डाग देऊन जोडलेल्या, आणि बाहेरून आणलेली बॅटरी आतल्या खाचेत बसेलच असं नाही. दुरुस्तीवाला पाती घालून खोका उघडतो, तर प्लास्टिक तडकतं. गिऱ्हाईक म्हणतं, तूच मोडलीस! बनवणाऱ्याचा दोष दुरुस्त करणाऱ्याच्या माथी, असा हा व्यवहार आहे.

मोबाईलचंही तेच. बॅटरी डिंकानं बसवलेली. गरम करून, हलक्या हातानं उचलायची. जरा टोचली गेली तर पेट घेते. ही जोखीम टपरीवरच्या पोरानं घ्यायची.

कंपन्या सांगतात, फोनमध्ये पाणी जाऊ नये म्हणून तो बंद केला. अर्धवट खरं आहे. 2014 चा सॅमसंग गॅलेक्सी एस-5 पाण्यापासून संरक्षणाचं आयपी-67 मानांकन असलेला होता आणि त्याचं मागचं झाकण नखानं उघडायचं, बॅटरी हातात यायची. तेव्हा जमलं, मग आता का जमू नये? सडपातळ दिसण्यासाठी सोडलं असं म्हणा, ते मला पटेल.

आणि सुरक्षिततेचं म्हणाल, तर दोन प्रसंग शेजारी ठेवून बघा. 2007 मध्ये नोकियाच्या बीएल-5सी बॅटरीत दोष निघाला. जगभरात 4 कोटी 60 लाख बॅटऱ्यांचा प्रश्न होता, आपल्याकडेही केवढी घबराट उडाली होती. पण फोन ज्याच्या-त्याच्याकडेच राहिला, नुसती बॅटरी बदलून देता आली. 2016 मध्ये सॅमसंगच्या नोट-7 च्या बॅटऱ्या पेटू लागल्या. तिथे बॅटरी आत बंद होती, त्यामुळे अख्खे फोन परत घ्यावे लागले आणि शेवटी ते मॉडेलच बंद झालं.

आपल्याच राज्यात वेगळा विचार झालेला आहे. आयआयटी मुंबईनं 2014 पासून महाराष्ट्रासह चार राज्यांत शाळकरी मुलांना अभ्यासासाठी सौर दिवे दिले, जवळपास 10 लाख. मुलाकडून 120 रुपये घेतले. दिवे जोडायचं आणि दुरुस्तीचं काम गावातल्याच माणसांना शिकवलं. कुणी म्हणेल दिवा साधा होता. असेना! तो उघडता येत होता, आणि उघडणारा माणूस जवळ होता.

सरकारनं काही केलं नाही असं नाही. ग्राहक व्यवहार विभागानं जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाईल, घरगुती उपकरणं आणि वाहनं आली. मे 2025 मध्ये दुसऱ्या समितीनं दुरुस्ती निर्देशांकाचा अहवाल दिला: वस्तू उघडायला किती सोपी, सुटे भाग मिळतात का, यावर गुण. कल्पना चांगली. माझी हरकत दोन गोष्टींना आहे. गुण कंपनीनं स्वतःच जाहीर करायचे; म्हणजे पेपर लिहिणाराच तपासणार. आणि सुरुवात स्मार्टफोन-टॅबलेटपासून. आपली शे-दीडशेची बॅटरी, तिच्यावर अनेकदा बनवणाऱ्याचं नावही धड नसतं, तिला गुण कोण देणार? जिच्यावर पाड्यावरचं घर रात्री अवलंबून असतं तीच वस्तू या हिशेबात नाही.

युरोपात 18 फेब्रुवारी 2027 पासून, काही अपवाद सोडले तर, लहान उपकरणांतली बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता-घालता आली पाहिजे असा कायदा लागू होतोय. त्यात विजेऱ्याही आल्या. म्हणजे तोच कारखाना तिकडे उघडणारी वस्तू पाठवेल. इकडे चिकटवलेलीच पाठवायला त्याला अडवणारा नियम आज आपल्याकडे नाही.