संकल्पनाचे अध्यापन : दोन ग्रंथ आणि मधली रिकामी जागा

इमारतीचे रूप ठरविणारा वास्तुशिल्पज्ञ आणि तिचा भार तोलून धरणारा अभियंता या दोघांच्या सीमेवर जे संकल्पन, म्हणजे रूढ भाषेत डिझाईन, घडते, ते विद्यार्थ्याला शिकविले जाते तरी कसे, याचा शोध घेण्यासाठी एखाद्या प्राध्यापकाने वर्षभराची अध्ययन-रजा घेतली, तर त्याने कोठे जाऊन बसावे? प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. अभियांत्रिकीच्या व्याख्यानगृहात त्याला समीकरणे ऐकावयास मिळतील. वास्तुकलेच्या स्टुडिओत अवकाश, प्रकाश व रूप यांची चर्चा कानी पडेल. ज्याच्या शोधासाठी रजा घेतली ती वस्तू दोन्ही ठिकाणी अर्धीमुर्धीच भेटेल.

अशा अभ्यासकाच्या हाती प्रथम दोन ग्रंथ पडतात. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील डोनाल्ड शोन यांचा ‘द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर’ (१९८३) हा एक. प्रिन्स्टन विद्यापीठातील स्थापत्य अभियांत्रिकीचे प्राध्यापक डेव्हिड बिलिंग्टन यांचा ‘द आर्ट ऑफ स्ट्रक्चरल डिझाईन : अ स्विस लेगसी’ (२००३) हा दुसरा. दोन्ही ग्रंथ मातबर आहेत. तथापि शिकविण्याची जी क्रिया पाहावयाची, ती एकात अपुरी दिसते आणि दुसऱ्यात गृहीत धरली जाते.

शोन हे मूळचे तत्त्वज्ञानाचे अभ्यासक. त्यांच्या ग्रंथातील सर्वाधिक गाजलेले प्रकरण म्हणजे क्विस्ट नामक गुरू आणि पेट्रा नामक विद्यार्थिनी यांचा स्टुडिओतील संवाद. नावे बदललेली आहेत; संवादाची नोंदही दुसऱ्या एका संशोधकाने केलेली आहे. पेट्रा एका प्राथमिक शाळेचा आराखडा करीत असते आणि उतारावरील जमिनीशी इमारतीचा मेळ बसत नाही म्हणून अडून बसलेली असते. क्विस्ट तिच्या आराखड्यावर स्वतः रेघा ओढू लागतो. रेघ ओढीत बोलतो, बोलत रेघ ओढतो. एक बदल केला की त्याचे परिणाम काय होतात ते पाहतो व त्यावरून पुढचा बदल करतो. शिक्षण येथे सिद्धान्ताच्या रूपाने दिले जात नाही, हे शोन यांनी फार सूक्ष्मपणे टिपले आहे. परंतु या संवादात उतार आहे, वर्ग आहेत, जाण्यायेण्याची वाट आहे. छताचा भार भिंतीवर कसा उतरतो हा प्रश्न मात्र जवळजवळ उपस्थितच होत नाही. संकल्पनाच्या अंगांची यादी करताना शोन संरचनेचा उल्लेख करतात, पण उल्लेखापलीकडे जाण्याची संधी त्यांच्या उदाहरणाने त्यांना दिली नाही. एका संवादाच्या आधारे सर्व व्यवसायांच्या ज्ञानाविषयी सिद्धान्त उभारणे हे धाडस खरे. ते साधले, याचे श्रेय विवेचनाइतकेच उदाहरणाच्या रोचकतेलाही द्यावे लागेल.

बिलिंग्टन यांची वाट निराळी. १९६० मध्ये ते व्यवसायातून प्रिन्स्टनला अध्यापनासाठी आले आणि वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना संरचना शिकवू लागले. सूत्रे व कोरड्या आकृत्या यांना कंटाळलेल्या विद्यार्थ्यांनी रॉबर्ट मायार यांच्या पुलांकडे बोट दाखविले, आणि तेथून त्यांच्या संशोधनाला दिशा मिळाली. (विद्यार्थ्याच्या तक्रारीतून निघालेले संशोधन दुर्मिळ असते, म्हणून हे नमूद करणे अगत्याचे.) प्रस्तुत ग्रंथात त्यांनी झुरिकच्या तंत्रविद्यापीठातील दोन अध्यापक घेतले आहेत : विल्हेल्म रिटर आणि पिएर लार्डी. रिटर यांचे विद्यार्थी मायार व ओथमार अमान. लार्डी यांचे हाइन्झ इस्लर व क्रिस्टियान मेन. चार शिष्य, चौघेही जगविख्यात. म्हणून गुरूंची पद्धती श्रेष्ठ, असा ग्रंथाचा एकंदर रोख आहे.

येथेच शंका उपस्थित होते. रिटर यांच्यासमोर इतरही अनेक विद्यार्थी बसत होते. त्याच आकृत्या त्यांनी काढल्या, तीच परीक्षा दिली. त्यांचे काय झाले हे कळल्यावाचून अध्यापनाचे फळ किती आणि शिष्याची प्रतिभा किती, हा हिशेब मांडताच येत नाही. इस्लर व मेन १९५० मध्ये पदवीधर झाल्यावर लार्डी यांच्याजवळ सहायक म्हणून राहिले, ही बाब तर अध्यापनाचा मोठा भाग वर्गाबाहेर झाला असावा असेच सुचविते.

तरीही हा ग्रंथ बाजूला सारता येत नाही, आणि त्याचे कारण आलेखीय स्थितिशास्त्र हे आहे. कार्ल कुलमान यांनी झुरिकला विकसित केलेली ही पद्धती रिटर यांनी पुढे नेली. तीत प्रत्येक भार ही मापाने काढलेली रेघ असते. रेघेला रेघ जोडून बहुभुज तयार होतो आणि त्यावरून दाबाची रेषा थेट कमानीच्या चित्रावरच उतरविता येते. ही रेषा कमानीच्या मध्यरेषेपासून जेथे दूर जाते, तेथे कमान वाकू पाहते व तेथे जाडी हवी. तीन बिजागऱ्यांच्या कमानीत दाबाची रेषा बिजागऱ्यांमधून जाणे भाग असते. अर्ध्याच पुलावर भार आला की ती पाव अंतराच्या आसपास सर्वाधिक ढळते. मायार यांच्या ९० मीटर गाळ्याच्या साल्गिनाटोबेल पुलाची (१९३०) कमान तेथेच जाड व टोकांशी सडपातळ आहे. या पद्धतीत गणित करणे आणि आकार काढणे ही दोन कामे उरतच नाहीत. शोन यांच्या क्विस्टची पेन्सिल आणि रिटर यांची पेन्सिल येथे एक होते. दुर्दैवाने रिटर यांच्या टेबलाशी बसून नोंद करणारा कोणी नव्हता.

मायार यांच्या झुओझ येथील पुलाची (१९०१) हकीगत बिलिंग्टन यांनी अन्यत्र सविस्तर दिली आहे. त्या पुलाचे संकल्पन रिटर यांनी तपासले होते व भारचाचणीही त्यांनीच घेतली होती. पुढे १९०३ मध्ये कमानीच्या टेकूंजवळील बाजूच्या भिंतींना तडे आढळले. मायार यांनी तडे पाहून तेवढा भाग निरुपयोगी ठरविला आणि तावानासा येथील पुलात (१९०५) तो काढूनच टाकला. गुरूच्या तपासणीतून सुटलेली गोष्ट शिष्याला तड्यांनी शिकविली. ही घटना रिटर यांच्या अध्यापनाचे यश मानावी की त्याची मर्यादा, याचा निर्णय ग्रंथकर्त्याच्या भूमिकेतून करता येत नाही. कारण फळावरून झाड ओळखण्याच्या रीतीत सडलेल्या फळांची मोजदाद नसते.

रजेवर निघालेल्या प्राध्यापकाने म्हणून कीर्तिमान पुलांच्या यात्रेपेक्षा एखाद्या संयुक्त प्रकल्पाच्या टेबलाशी बसणे अधिक श्रेयस्कर. एडमंड हॅपोल्ड १९७६ मध्ये इंग्लंडातील बाथ विद्यापीठात प्राध्यापक झाले. तेथे वास्तुकला व इमारत-अभियांत्रिकी यांचे विद्यार्थी एकाच विभागात शिकून प्रकल्प एकत्र करतात. अशा टेबलाशी तुळईची जाडी वाढवावी लागली, की आराखडा कोण बदलतो, खिडकी कोण सरकवितो, अध्यापक कोणाच्या हातातील पेन्सिल घेतो, आणि खोडलेला कागद फायलीत जातो की टोपलीत, हे त्याला दिवसागणिक लिहून ठेवता येईल.