‘व्हेल वॉर्स’ बघताना : पाठलाग वेगळा, पुरावा वेगळा

समुद्र-संवर्धनावर पीएचडी करायची म्हटलं की कुणीतरी ‘व्हेल वॉर्स’ बघायला सांगतंच. जरूर बघा, फक्त नोंदवही जवळ ठेवा.

ॲनिमल प्लॅनेटवर २००८ साली सुरू झालेल्या या मालिकेतलं मुख्य पात्र खरं तर एक बोट आहे. १९७५ साली ॲबर्डीनला बांधलेली ‘वेस्ट्रा’ ही स्कॉटलंडच्या मत्स्य विभागाची गस्तीनौका. २००६ मध्ये ती ‘सी शेफर्ड’ने विकत घेतली आणि पुढे ‘स्टीव्ह अर्विन’ या नावाने अंटार्क्टिकात जपानी व्हेलमारी जहाजांच्या मागे लावली. त्या जहाजांवर मोठ्या अक्षरांत ‘रिसर्च’ लिहिलेलं असायचं.

माझी तक्रार इथेच आहे. दूरच्या समुद्रातली शिकार मालिकेने घराघरांत दाखवली, याचं श्रेय तिला द्यायलाच हवं. पण कॅमेरा जवळजवळ कायम आंदोलकांच्याच बोटींवर. पाठलाग भरपूर दिसतो. ‘याला संशोधन का म्हणायचं नाही?’ हा प्रश्न मात्र घोषणेपुरताच उरतो.

तो तपासला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने, ३१ मार्च २०१४ च्या निकालात. प्रश्न अगदी तुमचे गाइड विचारतील तसे : सॅम्पल साइझ एवढी कशासाठी? हाती काय लागलं? जपानचं लक्ष्य वर्षाला सुमारे ८५० मिंकी व्हेलचं होतं. प्रत्यक्षात खूप कमी मारले गेले. त्याचं एक कारण म्हणून आंदोलकांचा अडथळा सांगितला गेला. वर जपानचंच म्हणणं, की कमी नमुन्यांतूनही अर्थपूर्ण निष्कर्ष निघतात. मग ८५० कशाला? २००५ पासून सुमारे ३,६०० मिंकी व्हेल मारून समीक्षित पेपर दाखवले फक्त दोन. १२ विरुद्ध ४ मतांनी ठरलं, की हे परवाने ‘वैज्ञानिक संशोधनासाठी’ या सवलतीत बसत नाहीत.

म्हणजे बघा, बोटीने शिकार अडवली. पण ‘रिसर्च’ हा शब्द खोडला तो लक्ष्य आणि प्रत्यक्ष यांतल्या तफावतीने.

आता वर्सोव्याकडे या. पावसाळी मासेमारीबंदीवर काम कराल, तेव्हा पकडलेल्या बोटींचा आकडा आधी हाताशी येईल. तो बेकायदा मासेमारीचा जितका, तितकाच गस्तीचाही असतो. गस्त वाढली की पकडही वाढते. म्हणून आलेख काढण्याआधी गस्त किती दिवस झाली, कुठे झाली, हे शोधा. कोळीवाड्यात जाऊनही विचारा. प्रकरण दोनमध्ये हेच आधी लिहावं लागेल.