मंदीतील मदत आणि बँकेबाहेरचा कारागीर : डी. सुब्बाराव यांच्या ग्रंथाची चिकित्सा

डी. सुब्बाराव यांनी ५ सप्टेंबर २००८ रोजी रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरपदाची सूत्रे स्वीकारली आणि त्यानंतर दहाच दिवसांनी अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही बलाढ्य संस्था दिवाळखोरीत गेली. त्या दिवसापासून सप्टेंबर २०१३ पर्यंतच्या पाच वर्षांची हकिगत त्यांनी ‘हू मूव्ह्ड माय इंटरेस्ट रेट?’ या इंग्रजी ग्रंथात (२०१६) सांगितली आहे. गव्हर्नर होण्यापूर्वी ते केंद्र सरकारचे वित्त सचिव होते. साहजिकच दिल्लीचे अर्थ मंत्रालय आणि मुंबईची रिझर्व्ह बँक या दोन्ही ठिकाणांची भाषा त्यांना अवगत आहे. अर्थशास्त्र शिकविणाऱ्या महाविद्यालयीन शिक्षकाला इतके वाचनीय पुस्तक या विषयावर क्वचितच मिळेल. आणि म्हणूनच ते काय सांगते याबरोबर कोठे थांबते हेही तपासणे आवश्यक ठरते.

ग्रंथाचे मोठे बलस्थान म्हणजे त्याचा स्पष्टवक्तेपणा. ऑक्टोबर २००८ मध्ये बाजारातील रोखतेचा प्रश्न पाहण्यासाठी अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी वित्त सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. रोखता सांभाळणे हे रिझर्व्ह बँकेचे काम असताना गव्हर्नरला विचारलेही गेले नाही, ही नाराजी सुब्बाराव लपवीत नाहीत. पुढे व्याजदर कमी होत नाहीत म्हणून सरकारला एकट्यानेच चालावे लागेल, असे चिदंबरम ऑक्टोबर २०१२ मध्ये जाहीरपणे बोलले, तो प्रसंगही येतो. सरकारच्या इच्छेप्रमाणे न वागल्याची किंमत म्हणून उषा थोरात व सुबीर गोकर्ण या दोन डेप्युटी गव्हर्नरांच्या फेरनियुक्तीची शिफारस मान्य झाली नाही, असेही लेखक सूचित करतात. सत्तेच्या इतक्या जवळ राहिलेल्या भारतीय अधिकाऱ्याने हयात माणसांविषयी असे लिहावे, हे आपल्याकडे दुर्मीळच.

परंतु यामुळे एक परिणाम घडतो. मंदीच्या काळातील धोरणाची सारी कथा दोन कार्यालयांमधील ओढाताणीची कथा बनते. व्याजदर कोणी हलविला, हा ग्रंथाच्या शीर्षकातील प्रश्न आहे. हललेला व्याजदर कोणापर्यंत पोहोचला, हा त्याहून मूलभूत प्रश्न मात्र कथेच्या कडेला राहतो.

रिझर्व्ह बँकेने त्या वेळी जे केले ते वेगवान होते, याविषयी वाद नाही. ऑक्टोबर २००८ ते एप्रिल २००९ या साधारण सात महिन्यांत रेपो दर ९ टक्क्यांवरून ४.७५ टक्क्यांवर, रिव्हर्स रेपो दर ६ वरून ३.२५ टक्क्यांवर आणि रोख राखीव प्रमाण ९ वरून ५ टक्क्यांवर आणले गेले. सर्व उपाय मिळून ५.६ लाख कोटी रुपयांहून अधिक, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ९ टक्के रोखता उपलब्ध करण्यात आली. लघुउद्योगांसाठी सिडबीला ७,००० कोटी, घरबांधणीसाठी राष्ट्रीय आवास बँकेला ४,००० कोटी आणि निर्यातीसाठी एक्झिम बँकेला ५,००० कोटी रुपयांची पुनर्वित्त सोय देण्यात आली. भारतातील एकही मोठी बँक बुडाली नाही. अमेरिका व ब्रिटनमधील पडझड ध्यानात घेता हे यश लहान मानता येणार नाही.

तथापि रेपो दर हा रिझर्व्ह बँक आणि इतर बँका यांच्यातील दर आहे. दुकानदार, विणकर किंवा गिरणीवाला ज्या दराने कर्ज घेतो तो दर वेगळा. रेपो सव्वाचार टक्क्यांनी उतरला, पण बँकांचे जाहीर कर्जदर त्याच्या निम्म्यानेही उतरले नाहीत. यामागे कारणे होती. मुदत ठेवींवर आधी कबूल केलेले चढे व्याज बँकांना देणे भागच होते. टपाल खात्याच्या बचत योजनांचे दर सरकार ठरवीत असल्याने ठेवींचे दर फार खाली आणणे बँकांना परवडणारे नव्हते. शिवाय मंदीत नवे कर्ज देण्याची जोखीम कोण घेणार? २००९ मध्ये बँका दररोज एक लाख कोटी रुपयांहून अधिक रक्कम ३.२५ टक्के दराने पुन्हा रिझर्व्ह बँकेकडेच ठेवीत होत्या. टाकी भरली होती, पण नळापर्यंत पाणी येत नव्हते.

याहून गंभीर बाब कर्जदराच्या रचनेत होती. त्या वेळी बी.पी.एल.आर. नावाचा मूळ दर प्रचलित होता. बँकांच्या एकूण कर्जाचा मोठा भाग प्रत्यक्षात या मूळ दराहूनही कमी दराने दिला जात असे आणि तो लाभ घासाघीस करण्याची ताकद असलेल्या बड्या उद्योगांना मिळे. लहान कर्जदार मूळ दराने किंवा त्याहून अधिक दराने फेड करी. छोट्यांच्या खिशातून मोठ्यांना सवलत, असा हा उलटा प्रवाह होता. तो थांबविण्यासाठी १ जुलै २०१० पासून आधार दराची पद्धत सुरू झाली. ही सुधारणा सुब्बाराव यांच्याच कारकिर्दीतील असून तिचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. परंतु ती आली तेव्हा मंदीतील दरकपात संपून वर्षाहून अधिक काळ झाला होता आणि दर पुन्हा चढू लागले होते.

सरकारी हस्तक्षेपाची बाजू पाहिली तरी हेच चित्र वेगळ्या तऱ्हेने दिसते. डिसेंबर २००८, जानेवारी २००९ आणि फेब्रुवारी २००९ अशी तीन पॅकेजे आली. पहिल्या पॅकेजात केंद्रीय उत्पादन शुल्क सरसकट ४ टक्क्यांनी उतरले, तिसऱ्यात आणखी २ टक्क्यांनी आणि सेवाकर १२ वरून १० टक्क्यांवर आला. त्याआधीच २००८ च्या अर्थसंकल्पात शेतकऱ्यांची कर्जमाफी जाहीर झाली होती आणि १ एप्रिल २००८ पासून रोजगार हमी कायदा देशातील सर्व ग्रामीण जिल्ह्यांना लागू झाला होता. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकीही त्याच दोन वर्षांत वाटली गेली. अनुदानित महाविद्यालयांतील शिक्षकांच्या सुधारित वेतनश्रेणीचा निर्णयही ३१ डिसेंबर २००८ चाच आहे. मंदीत सरकारी खर्च वाढवावा हा केन्सचा सिद्धांत अनेक शिक्षकांना त्या वर्षी प्रत्यक्ष पगारपत्रकात अनुभवता आला. तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्यांना मात्र नाही. केंद्राची राजकोषीय तूट २००७-०८ मधील सुमारे अडीच टक्क्यांवरून २००९-१० मध्ये सहा टक्क्यांच्या वर गेली.

आता या यादीत शहरातील स्वयंरोजगारी कारागीर कोठे बसतो ते पाहावे. कर्जमाफी शेतकऱ्याची, रोजगार हमी खेड्यातील मजुराची, वेतन आयोग नोकरदाराचा. उत्पादन शुल्कातील सूट कारखानदाराची. कारण दीड कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेला छोटा घटक मुळातच या शुल्कातून मुक्त होता, त्यामुळे त्याला कच्च्या मालाच्या किमतीतून झिरपेल तेवढाच लाभ. मालेगाव, भिवंडी किंवा बुऱ्हाणपूर येथे मजुरीवर कापड विणून देणारा चार यंत्रमागांचा मालक, बेळगावातील साडी विणणारे कुटुंब, हैदराबादच्या लाड बाजारासाठी घरात लाखेच्या बांगड्या करणाऱ्या स्त्रिया, सुरतेच्या हिऱ्याच्या घंटीवर बसणारा कामगार या सर्वांची गणना ना शेतकऱ्यांत होते, ना नोकरदारांत, ना उद्योजकांत. सुरतेतील मंदी इतकी तीव्र होती की हिरे कामगार मोठ्या संख्येने सौराष्ट्रातील आपल्या गावी परतले. केंद्राच्या श्रम ब्युरोने निवडक आठ क्षेत्रांच्या पाहणीतून ऑक्टोबर ते डिसेंबर २००८ या तीन महिन्यांत सुमारे ५ लाख रोजगार गेल्याचा अंदाज दिला आणि सर्वाधिक फटका रत्ने व दागिने या क्षेत्राला बसल्याचे नोंदविले. घराच्या ओसरीवर चालणाऱ्या कामाची मोजदाद अशा पाहणीत होत नाही.

सच्चर समितीचा नोव्हेंबर २००६ चा अहवाल येथे आठवणे अप्रस्तुत ठरणार नाही. मुस्लिम समाजात स्वयंरोजगाराचे प्रमाण इतरांहून अधिक आहे आणि तरीही बँकांच्या अग्रक्रम क्षेत्रातील कर्जखात्यांत त्याचा वाटा सुमारे १२ टक्के असताना कर्जाच्या रकमेत तो ५ टक्क्यांच्या आतच आहे, असे त्या अहवालाने दाखविले. काही बँका मुस्लिमबहुल वस्त्यांना कर्जासाठी ‘नकारात्मक’ क्षेत्र मानतात, अशीही नोंद त्यात आहे. म्हणजे मंदी येण्याच्या दोन वर्षे आधीच पाइप कोठे तुटलेला आहे याचा नकाशा सरकारच्या हाती होता. हा प्रश्न एका समाजापुरता नाही. देवांग विणकर आणि सौराष्ट्रातील पाटीदार हिरे कामगार यांनाही तो तितकाच लागू आहे. सुब्बाराव यांना वित्तीय समावेशनाविषयी मनापासून आस्था होती, हे ग्रंथात जाणवते. पण मंदीची कथा एका दालनात आणि समावेशनाची कथा दुसऱ्या दालनात, अशी मांडणी झाल्याने दोहोंमधील दार उघडतच नाही.

मंदीत स्वस्त झालेल्या पैशाची दुसरी बाजू महागाईची. अन्नधान्याच्या घाऊक किमतींची वाढ डिसेंबर २००९ मध्ये २० टक्क्यांच्या आसपास गेली आणि औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाची वाढ जानेवारी २०१० मध्ये १६ टक्क्यांच्या वर पोहोचली. रेपो दरात पहिली वाढ झाली ती मार्च २०१० मध्ये. त्यानंतर ऑक्टोबर २०११ पर्यंत तो १३ वेळा वाढवून साडेआठ टक्क्यांवर नेण्यात आला. दर आधी आणि अधिक वेगाने वाढवायला हवे होते, हे मागे वळून पाहताना सुब्बाराव मान्य करतात. मात्र त्या क्षणी हाती असलेली आकडेवारी तसे सांगत नव्हती, असा त्यांचा बचाव आहे. त्यात तथ्य आहे. २००८-०९ मधील आर्थिक वाढ त्या वेळी ६.७ टक्के सांगितली गेली. २०१८ मध्ये नव्या मालिकेनुसार मागील वर्षांचे आकडे पुन्हा काढले तेव्हा तीच ३.१ टक्के भरली. अशा सरकत्या जमिनीवर उभे राहून दर ठरविणे किती कठीण असते हे विद्यार्थ्यांना सांगण्यास याहून चांगले उदाहरण नाही. शिवाय डाळी व भाज्यांची महागाई केवळ व्याजदरामुळे झाली असेही नाही. २००९ चा दुष्काळ आणि वाढलेले हमीभाव यांचा त्यात वाटा होता.

परंतु बचाव मान्य केला तरी हिशेब उरतोच. ज्याला स्वस्त कर्ज मिळाले नाही त्यालाही महाग डाळ विकत घ्यावीच लागली. रेपो दर ४.७५ टक्के असताना आंध्र प्रदेशातील बचत गटांच्या स्त्रिया सूक्ष्मवित्त कंपन्यांना पंचवीस-तीस टक्के व्याज भरीत होत्या. ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य सरकारने वटहुकूम काढला, मालेगाम समिती नेमली गेली आणि २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने या कर्जांवर २६ टक्क्यांची कमाल मर्यादा घातली. एकाच देशात, एकाच काळात, एकाच नोटेचे हे दोन भाव होते. दुसरीकडे बड्या कर्जदारांना मंदीच्या निमित्ताने थकीत कर्जाची पुनर्रचना करून घेण्याची खास सवलत मिळाली. ती लहानांना नाकारलेली नव्हती हे खरे. पण ती मिळविण्यासाठी लागणारा सनदी लेखापाल आणि बँकेच्या मुख्यालयातील ओळख कोणाकडे असते, हे वेगळे सांगायला नको. २०१५ मधील मालमत्ता गुणवत्ता तपासणीनंतर झाकलेली थकबाकी उघडी पडू लागली आणि मार्च २०१८ मध्ये बँकांची अनुत्पादक कर्जे ११ टक्क्यांच्या वर गेली.

धार्मिक कारणाने व्याजाच्या व्यवहारापासून दूर राहणाऱ्या कुटुंबांचा प्रश्नही याच चौकटीत येतो. रघुराम राजन समितीने २००८ मध्येच बिनव्याजी बँकिंगचा विचार करण्याची शिफारस केली होती. विद्यमान बँकिंग कायद्यात बदल केल्याशिवाय ते शक्य नाही, अशी रिझर्व्ह बँकेची भूमिका राहिली आणि २०१७ मध्ये तो प्रस्ताव पुढे न नेण्याचा निर्णय झाला. या विषयावर मतभेद होऊ शकतात. पण व्याजदर हेच ज्या धोरणाचे मुख्य हत्यार आहे, ते व्याजाबाहेर राहणाऱ्यांपर्यंत कसे पोहोचावे, याचे उत्तर कोणत्याही अधिकृत चर्चेत फारसे शोधले गेलेले नाही.

२००८ चा अनुभव अगदीच वाया गेला असे म्हणणे अन्यायाचे होईल. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी किरकोळ व लघुउद्योग कर्जे रेपोसारख्या बाह्य दराशी जोडणे सक्तीचे झाले. त्यामुळे २०२० च्या साथीत रेपो ४ टक्क्यांवर आला तेव्हा कपात पूर्वीपेक्षा लवकर झिरपली. जून २०२० मध्ये फेरीवाल्यांसाठी दहा हजार रुपयांच्या कर्जाची पी.एम. स्वनिधी योजना निघाली. बारा वर्षांपूर्वी त्यांच्यासाठी असे काहीच नव्हते. मात्र त्याच वेळची तीन लाख कोटी रुपयांची पतहमी योजना ज्यांचे कर्ज आधीच चालू आहे अशांसाठीच होती. थकीत रकमेच्या २० टक्के इतके जादा कर्ज त्यातून मिळे. ज्याच्या नावावर बँकेचे कर्जच नाही तो पुन्हा दाराबाहेर.

सुब्बाराव यांच्या ग्रंथानंतर, २०१६ मध्येच, महागाई ४ टक्क्यांच्या आसपास राखण्याचे बंधन कायद्याने रिझर्व्ह बँकेवर आले. सलग तीन तिमाह्या ती ६ टक्क्यांच्या वर राहिल्यास बँकेने सरकारला लेखी कारणे द्यावी लागतात. २०२२ मध्ये ती वेळ आली, नोव्हेंबरमध्ये पत्र गेले आणि ते जाहीर झाले नाही. दरकपातीतील किती भाग लहान कर्जदारापर्यंत पोहोचला याचा खुलासा मागणारे असे कोणतेही कलम मात्र या कायद्यात नाही.