धावपट्टी जमली, शिवार राहिले

शिर्डीचा विमानतळ शिर्डीत नाही. तो कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावाच्या माळावर आहे, शिर्डीपासून सुमारे १५ किलोमीटरवर. १ ऑक्टोबर २०१७ रोजी त्याचे उद्घाटन झाले. धावपट्टी पूर्व-पश्चिम, २,५०० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद होती. एवढे कळले की घरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये ती उभी करायला फार वेळ लागत नाही. डांबराचा पोत, पांढरे पट्टे, ०९ आणि २७ हे आकडे, टर्मिनलचे छप्पर हे सगळे हौशी मंडळी आता झकास करतात. त्यांचा कस लागतो तो कुंपणाबाहेर, आणि तिथे ही कला अजून कच्ची आहे.

ती कुठून कुठे आली, हे आधी पाहिले पाहिजे. २००६च्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर टेनमध्ये प्रत्येक विमानतळ म्हणजे सपाट ओटा असे. भोवतालची जमीन चढती असली तर तो खड्ड्यात दिसे, उतरती असली तर टेकाडावर. जमिनीवर ठरावीक नमुन्यांचे तुकडे अंथरलेले असत. पुढे एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरवाल्यांना ऑर्थोफोरएक्सपी हे साधन मिळाले आणि उपग्रहाची खरी छायाचित्रे भूभागावर चढवता येऊ लागली. १९ अक्षांश, ७४ रेखांशाचा एक चौकोन तयार केला की शिर्डी, संगमनेर, राहुरी आणि नगर शहर एकदम हाती लागते. मग १८ ऑगस्ट २०२० रोजी मायक्रोसॉफ्टचा नवा सिम्युलेटर आला. त्यात बिंग नकाशाच्या छायाचित्रांतून ऑस्ट्रियातल्या ब्लॅकशार्क या कंपनीच्या यंत्रणेने घरे हुडकून ती जगभर आपोआप उभी केली. आपले गाव आकाशातून ओळखू येते, हा आनंद तेव्हा पहिल्यांदा सर्रास मिळाला. तो खोटा नव्हता.

पण तीन हजार फुटांवरचा आनंद तीनशे फुटांवर टिकत नाही. छायाचित्र वरून काढलेले असते, त्यामुळे खाली येताना झाड म्हणजे जमिनीवरचा हिरवा डाग ठरतो आणि ट्रक रस्त्याला चिकटलेला दिसतो. सावल्या ज्या वेळी फोटो काढला त्या वेळच्याच राहतात, मग सिम्युलेटरमधला सूर्य कुठेही असो. यंत्राने उभी केलेली घरे तर अंदाजपंचे. छपराचा आकार वरून दिसतो. उंची, भिंत आणि वापर यंत्राने ताडायचा. मेलबर्नमधल्या एका इमारतीला ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर कोणीतरी २ मजल्यांऐवजी २१२ टाइप केले आणि सिम्युलेटरने मुकाट्याने तेवढा मनोरा उभा केला. तो जगभर गाजला, कारण मेलबर्नवर पाहणारे डोळे पुष्कळ होते. कोपरगावकडच्या पोहेगावच्या शिवारात पोल्ट्रीच्या लांबलचक पत्र्याच्या शेडची चाळ झाली, तर बोभाटा कोण करणार?

यात नुसत्या सौंदर्याचा प्रश्न नाही. साधनांवर भर न देता नजरेने उतरणारा वैमानिक आपली उंची जोखतो ती ओळखीच्या वस्तूंच्या आकारावरून. धावपट्टी सवयीपेक्षा अरुंद असली की आपण फार वर आहोत असे त्याला वाटते आणि तो गरजेपेक्षा खाली येतो. चढत्या धावपट्टीवरही तसाच चकवा होतो. धुळ्याजवळच्या गोंदूरसारख्या पट्टीवर शिकाऊ वैमानिकाच्या नजरेला आधार काय? बांधावरची बाभूळ, विजेचा खांब, विहिरीवरची मोटारीची खोली. या वस्तू चुकीच्या मापाच्या असल्या तर छायाचित्र कितीही स्वच्छ असो, हाताला चुकीची सवय लागते. म्हणून ग्रामीण धावपट्टीच्या देखाव्यात मी टर्मिनलपेक्षा बांधाला जास्त गुण देतो. खुणांचेही तसेच. कोळपेवाडी किंवा प्रवरानगरच्या साखर कारखान्याची चिमणी दुरून दिसते, आणि गाळप चालू असेल तर तिच्या धुरावरून वारा कळतो. मात्र तो धूर हंगामातच हवा. ऑगस्टमध्ये धूर सोडणारी चिमणी ही सपशेल चूक आहे.

ऋतूंच्या बाबतीत तर सगळेच नापास. एक्स-प्लेन १२ने ऋतू आणले, २०२४च्या मायक्रोसॉफ्ट सिम्युलेटरनेही आणले. पण ते पानगळ आणि बर्फ पडणाऱ्या मुलखाचे. आपल्याकडे एप्रिलमध्ये जो माळ करडा-तांबूस असतो तो ऑगस्टमध्ये हिरवागार होतो, आणि शेजारचा कालव्याखालचा ऊस बाराही महिने हिरवा राहतो. जिरायत आणि बागायत यांच्यातली ही रेघ नगर जिल्ह्यात विमानातून जितकी ठळक दिसते, तितकी क्वचितच कुठे दिसत असेल. शिवाय ही रेघ जागची हलते. काकडी, रांजणगाव देशमुख हा पट्टा पिढ्यान्पिढ्या कोरडवाहू. त्याला पाणी देणाऱ्या निळवंडे धरण प्रकल्पाची मंजुरी १९७०ची. त्याच्या ८५ किलोमीटरच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण झाले २६ ऑक्टोबर २०२३ रोजी. त्याआधीचे छायाचित्र वापरणारा सिम्युलेटर आपल्याला पाणी येण्यापूर्वीच्या काकडीत उतरवतो. खरेपणाची जाहिरात करताना फोटो कोणत्या महिन्याचा, कोणत्या साली काढलेला, हे कोणी छापत नाही. छापले पाहिजे.

पश्चिमेकडे अकोले तालुक्यात अडचण वेगळीच आहे. अशा मुलखाच्या उंचीची मोफत आकडेवारी बहुतांशी फेब्रुवारी २०००मध्ये एंडेव्हर यानातून घेतलेल्या रडार मोजणीवर उभी आहे. तिचे ठिपके सुमारे ३० मीटरवर. माळाला ते पुरते, सह्याद्रीला नाही. कडे घासून गुळगुळीत होतात. त्यातही हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा या पद्धतीत बसतच नाही, कारण तो आत वळलेला आहे आणि उंचीच्या तक्त्यात एका ठिकाणी एकच उंची मावते. तो हवा असेल तर ब्लेंडर या त्रिमितीय आकार घडवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळा घडवून बसवावा लागतो. हे काम कोणी मनापासून केले, तर शंभर चकचकीत टर्मिनले मी त्यावरून ओवाळून टाकीन.

कंपन्यांकडून फार अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. मायक्रोसॉफ्टने २०२०नंतर देशोदेशींचे भूभाग सुधारायला घेतले तेव्हा पहिला मान जपानचा, मग अमेरिका, मग ब्रिटन. गिऱ्हाईक जिथे तिथे मेहनत, हा सरळ हिशेब. उरतात ते हौशी लोक, आणि त्यांची खोड अशी की प्रत्येक जण आपली एक धावपट्टी घेऊन एकटाच बसतो. त्यापेक्षा दख्खनच्या वस्तूंचा एक सामाईक, मोफत संच व्हायला हवा, जो काकडीपासून गोंदूरपर्यंत कुठेही मांडता येईल. त्यात पहिली कांदाचाळ. मग प्लास्टिकचा कागद अंथरलेले शेततळे, शेडनेट, दगड ठेवलेले पत्र्याचे छप्पर, गच्चीवरची काळी टाकी, फांद्या छाटलेला कडुलिंब आणि सुप्याकडच्या पवनचक्क्या, त्याही खऱ्या उंचीच्या. टर्मिनलच्या आतल्या खुर्च्या त्यानंतर सावकाश करता येतील.