‘यमुनापर्यटन’ : श्रवण आणि पूर्वनिश्चित उत्तर

गावोगाव जाणे, लोकांशी संवाद साधणे आणि अखेरीस धर्मसंदेश देणे ही एकोणिसाव्या शतकातील ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या प्रचारभेटींची परिचित पद्धत होती. बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीचा घाटही तिच्याशी नाते सांगतो. यमुना आणि तिचा पती विनायक प्रवासात विधवांच्या कहाण्या ऐकतात. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला होता. तथापि कायद्याने रूढी सुटत नसते. केशवपन आणि कौटुंबिक छळ मराठी कादंबरीच्या आरंभीच विषय झाले, याचे श्रेय पदमनजींना द्यावे लागते.

कादंबरीची मर्यादाही याच रचनेत आहे. विधवा बोलते, तिच्या बोलण्याचा अर्थ मात्र भेटीस आलेला ठरवितो. विनायकाच्या मृत्यूनंतर यमुना ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. तिचा मार्ग मोकळा होतो. ज्यांनी व्यथा सांगितल्या त्या मागेच राहतात.

याउलट लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पाहावीत. पती ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. मधला विरोध, दुरावा आणि सोवळ्याओवळ्याचा पेच त्या स्वतःच्या शब्दांत मांडतात. येथे धर्मांतर हे उपदेशाचे फलित न राहता अनुभवांती घेतलेला निर्णय ठरते.

सारांश, प्रचारसाहित्याचे मूल्यमापन करताना संदेश कोणता, एवढेच न पाहता ज्याच्या दारी तो नेला त्याला स्वतःचे उत्तर देण्यास अवकाश मिळाला काय, हेही तपासले पाहिजे.